दुसऱ्या माणसाच्या हातात होडी: छोट्या प्रवासी होडीवरच्या खलाशाची तयारी

कोकणातल्या बहुतेक छोट्या प्रवासी होड्यांवर दोनच माणसं असतात. सुकाणूवर तांडेल, आणि दोर टाकायला, पैसे घ्यायला, उतरणाऱ्यांना हात द्यायला एक खलाशी. तांडेल सहसा कसलेला असतो. कुठे खडक, कुठे वाळूचा दांडा, कुठल्या वाऱ्याला कुठलं पाणी उसळतं, हे त्याला तोंडपाठ असतं. अडचण दुसऱ्या माणसाची आहे. तांडेलाच्या छातीत कळ आली, किंवा लाटेच्या हिसक्याने तोच पाण्यात गेला, तर वीस पर्यटक बसलेली होडी परत कोण आणणार? मालवणच्या किल्ल्याची फेरी असो, देवबागची डॉल्फिन सफर असो की राजपुरीहून जंजिरा, या प्रश्नाचं उत्तर हंगाम सुरू होण्याआधी तयार असायला हवं. खालची सगळी तयारी त्यासाठीच आहे. ती 12 ते 25 प्रवाशांच्या, आऊटबोर्ड किंवा छोट्या डिझेल इंजिनाच्या होडीला धरून लिहिली आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. नोंदणी, तपासणी, प्रवासी क्षमता आणि चालकाचा परवाना हे सगळं महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयातून होतं. मासेमारीचा परवाना म्हणजे प्रवासी परवाना नव्हे. जाळी उतरवून बाकडी टाकली म्हणून मच्छीमार होडी प्रवासी होडी होत नाही, आणि अपघात झाल्यावर विमा कंपनी नेमकं तेच दाखवते. खलाशाला पुढे स्वतः चालक व्हायचं असेल तर गोव्यातल्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत पॉवरबोट चालवण्याचे आणि जीवरक्षकाचे अभ्यासक्रम आहेत, तिथे पाठवलेलं उत्तम. पण आपल्या होडीची आणि आपल्या खाडीची सवय तिथे कोणी लावून देणार नाही. ती इथेच लावावी लागते.

आधी सामान, आणि त्याची खोड

लाइफ जॅकेट मोजून ठेवली म्हणजे काम झालं असं नाही. प्रत्येक जॅकेट हंगामाच्या सुरुवातीला अंगात घालून कमरेएवढ्या पाण्यात उतरून तपासायचं. तीन खोडी नेहमी सापडतात. उन्हाने पट्ट्याची शिवण कुजलेली असते आणि जोरात ओढलं की सुटते. फोम दबून चपटा झालेला असतो, कारण वर्षभर त्याच्यावर कोणीतरी बसलेलं असतं. तिसरी खोड म्हणजे बक्कल तुटून त्या जागी सुतळी आलेली असते. अशी जॅकेट बाजूला काढायची, "असू दे, आकड्याला होतील" म्हणून ठेवायची नाहीत. लहान मुलांची वेगळी ठेवायची. मोठ्यांचं जॅकेट मुलाला घातलं तर पाण्यात पडताच ते डोक्यावरून निघून जातं किंवा तोंडावर येतं. मांड्यांमधून जाणारा पट्टा असलेलं घेतलं तर हा प्रश्नच राहत नाही.

जॅकेट चढण्याआधी जेटीवरच घालायचं आणि उतरेपर्यंत अंगातच ठेवायचं. 18 डिसेंबर 2024 ला मुंबई बंदरात 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि 15 माणसं गेली. अशा धडकेनंतर बाकड्याखालचं जॅकेट शोधायला वेळ मिळत नाही.

बाकीचं सामान: 30 मीटर तरंगत्या दोरासह एक गोल बोया, हूक लावलेली काठी, दोन बादल्या, हातपंप, पावडरचं अग्निशामक, दोन वल्ही, जलरोधक टॉर्च, धारदार सुरी आणि प्रथमोपचाराची पेटी. अग्निशामक महिन्यातून एकदा उलटं करून हलवायचं. इंजिनाच्या थरथरीने पावडर तळाशी दगडासारखी बसते, आणि मग काटा हिरव्यात असूनही आग लागते तेव्हा नुसता वायू बाहेर येतो.

नांगराचा दोर बहुतेकांकडे आखूड असतो. भरतीच्या वेळची खोली अधिक होडीच्या काठाची उंची, याच्या निदान पाचपट दोर हवा. लाट असेल तर सातपट. पाणी 5 मीटर आणि काठ 1 मीटर असेल तर 30 ते 42 मीटर. नांगराला लागून 3 ते 5 मीटर साखळी जोडली की नांगराचा दांडा जमिनीला समांतर राहतो आणि नांगर धरतो. दोराचं दुसरं टोक होडीला बांधलेलं आहे ना, हे रोज बघायचं. घाईत नांगर फेकल्यावर दोरही त्याच्यामागे गेला, हे ऐकायला विनोदी वाटतं खरं.

सकाळची तपासणी खलाशाने करायची

ही तपासणी तांडेल सवयीने पाच मिनिटांत उरकतो. ती त्याच्याकडून काढून खलाशाकडे द्यायची आणि तांडेलाने नुसतं उभं राहून बघायचं. क्रम असा:

1. तळातलं पाणी. आदल्या संध्याकाळपेक्षा जास्त असेल तर आधी कारण शोधायचं, उपसायचं नंतर. डिझेल होडीत शाफ्टच्या ग्लँडमधून, म्हणजे पंख्याचा दांडा तळातून बाहेर जातो तिथल्या सीलमधून, थेंब थेंब गळती चालते, धार चालत नाही.
2. इंधन. एक हिस्सा जायला, एक परत यायला, एक शिल्लक. टाकीच्या काट्यावर न विसंबता काठी बुडवून बघायचं. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनात 50 ला 1 मिश्रण असेल तर लिटरला 20 मिलि ऑइल.
3. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा, होजवरचा रबरी फुगा घट्ट होईपर्यंत दाबलेला.
4. डिझेल इंजिनात ऑइल, पट्टा आणि इंजिन थंड करणाऱ्या समुद्राच्या पाण्याची जाळी. या जाळीत प्लॅस्टिकची पिशवी अडकली की दहा मिनिटांत इंजिन तापतं.
5. इंजिन सुरू केल्यावर आऊटबोर्डच्या मागून पाण्याची बारीक धार येते का. ती नसेल तर लगेच बंद.
6. पुढे-मागे दोन्ही गिअर जेटीला बांधलेले असतानाच लावून बघायचे.
7. किल कॉर्ड, म्हणजे चालकाच्या मनगटाला किंवा गुडघ्याला अडकवायची ती लाल वळणदार दोरी. ओढल्यावर इंजिन बंद पडलं पाहिजे.

या सातव्या मुद्द्यावर थोडं थांबू. किल कॉर्ड लावलेला तांडेल पाण्यात पडला तर इंजिन बंद होतं, पंखा थांबतो, तो वाचतो. पण दोरीच्या टोकाची, इंजिनात अडकवायची क्लिप त्याच्याबरोबर पाण्यात गेलेली असते, आणि ती जागेवर नसेल तर इंजिन पुन्हा सुरू होत नाही. खलाशी बिचारा दोर ओढत बसतो, इंजिन काही घेत नाही, आणि होडी वाऱ्याने तांडेलापासून लांब लांब जाते. म्हणून दुसरी क्लिप होडीवर हवीच, आणि ती पेटीत कुलूपबंद नको. इंजिनाच्या हाताशी, रंगीत दोऱ्याने बांधून, खलाशाचा हात अंधारातही पोचेल अशी. तांडेलाने आपली क्लिप काढून खिशात टाकायची आणि खलाशाने दुसऱ्या क्लिपने इंजिन सुरू करायचं, हा पहिल्याच दिवशीचा धडा.

माणसं चढवणं

एकेक करून, होडीच्या मधोमध पाय टाकून, खाली बसूनच जागा धरायची. माणसं दोन्ही बाजूंना सारखी वाटायची, जड माणसं मध्ये. डॉल्फिन दिसला की सगळे एका काठाला उठून धावतात. उभ्या माणसांमुळे वजन वर जातं, एका बाजूला जातं, आणि त्यातच बाजूने लाट आली की होडीला सावरायला जागा उरत नाही. "डॉल्फिन दोन्ही बाजूंना येतील, होडी फिरवून दाखवू, बसूनच बघा," हे निघण्याआधीच सांगायचं. ते खलाशानेच सांगायचं आणि मोठ्याने, कारण पुढे ओरडायची वेळ आलीच तर लोकांना त्याचा आवाज ओळखीचा हवा.

तळात साचलेलं पाणी किती वाईट, याचा हिशेब खलाशाकडूनच करून घ्यावा. सहा मीटर लांब आणि दीड मीटर रुंद तळात नुसतं 2 सेंटिमीटर पाणी असलं तरी ते 180 लिटर भरतं, म्हणजे 180 किलो. अडीच माणसांचं वजन! आणि हे वजन एका जागी बसत नाही. होडी ज्या बाजूला कलते त्याच बाजूला ते धावतं आणि तिला आणखी कलवतं. उपसायचं ते यासाठी.

क्षमतेपेक्षा एकही जास्त नाही. "एक लहान मूल आहे, मांडीवर बसेल" यालाही नाही. हे नाही म्हणण्याचं काम मालकाने खलाशावर सोपवलं असेल तर गिऱ्हाइकासमोर त्याला तोंडघशी पाडायचं नाही, नाहीतर पुढच्या वेळी तो गप्प राहील.

खाडीचं तोंड

कोकणातल्या होड्या जितक्या भर समुद्रात उलटत नाहीत तितक्या खाडीच्या तोंडाशी उलटतात. देवबागला कर्लीची खाडी, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री. समुद्राला मिळते तिथे वाळूचे दांडे असतात, आणि ते दर पावसाळ्यात जागा बदलतात. गेल्या मे महिन्यातली वाट नारळी पौर्णिमेनंतर तशीच असेल असं धरायचं नाही. हंगामाआधी रिकामी होडी घेऊन, ओहोटीला, काठीने खोली मोजत वाट नव्याने शोधायची, आणि त्या वेळी सुकाणू खलाशाच्या हातात द्यायचं.

सगळ्यात वाईट वेळ म्हणजे जोराची ओहोटी आणि समोरून येणारी लाट. बाहेर जाणारं पाणी आत येणाऱ्या लाटेला अडवतं, लाट आखूड आणि उभी होते आणि दांड्यावर फुटते. ओहोटीच्या साधारण सहा तासांतल्या तिसऱ्या आणि चौथ्या तासात निम्मं पाणी निघून जातं, म्हणून ओढही तेव्हाच सगळ्यात जास्त. दुपारचा खारा वारा याच वेळी गाठला तर परिस्थिती आणखी बिघडते.

भरतीची वेळ काढायला जुना हिशेब आहेच: तिथीला पाऊणाने गुणायचं. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती. मुंबईच्या मानाने मालवणकडे ती थोडी आधी येते. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढेमागे उधाण, म्हणजे सगळ्यात मोठी भरती-ओहोटी; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात लहान. खलाशाला हा हिशेब तोंडी यायला हवा, पण फेऱ्यांच्या वेळा ठरवायच्या त्या भरती-ओहोटीच्या छापील तक्त्यावरून.

आत येताना पद्धत अशी. फुटणाऱ्या लाटांच्या बाहेर थांबून दहा मिनिटं नुसतं बघायचं. लाटा जथ्याने येतात: काही मोठ्या, मग थोडी उसंत. सगळ्यांना खाली बसवायचं, नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, कोणी नको. पुढे वजन असलं की नाळ पाण्यात घुसते आणि मागची लाट होडी आडवी करते. जथ्यातली शेवटची मोठी लाट गेली की तिच्या पाठीवर बसून आत यायचं. तिच्या माथ्याच्या पुढे जायचं नाही, आणि मागच्या लाटेला आपल्याला गाठू द्यायचं नाही. म्हणजे थ्रॉटलवरचा हात सतत चालू. नवशिक्या घाबरून मध्येच वेग कमी करतो आणि चूक तिथेच होते. मागची लाट पिछाडी उचलते, सुकाणू पाण्याबाहेर निघतं आणि होडी आडवी फिरते. आत शिरायचं की नाही याचा विचार बाहेर असतानाच करायचा. शिरल्यावर फिरायचं नाही.

बाहेर जाताना उलट. नाळ लाटेला सरळ, चढताना जोर, माथ्यावर पोचायच्या आत थ्रॉटल कमी, नाहीतर होडी पलीकडे दाणकन आपटते आणि पुढच्या बाकड्यावरच्या माणसाच्या पाठीचा मणका दुखावतो. बाहेरची लाट बरी वाटत नसेल तर फेरी रद्द. पैसे परत करण्याचा अधिकार जेटीवरच्या माणसाला आधीच देऊन ठेवला की तांडेलावर दडपण येत नाही.

माणूस पाण्यात

हा सराव तोंडी होत नाही. 20 लिटरचा कॅन अर्धा पाण्याने भरून, त्यावर जुनं जॅकेट बांधून, न सांगता टाकून द्यायचा. सुकाणूवर खलाशी, पुढचं काम तांडेलाकडे. पडल्याचं ज्याला दिसलं त्याने "माणूस पाण्यात, उजवीकडे!" असं ओरडायचं आणि हात त्या दिशेला रोखून धरायचा. बोया फेकला, होडी फिरली, काही झालं तरी त्याने नजर आणि हात काढायचा नाही. दीड फुटाच्या लाटेतही डोकं दहा सेकंदांत दिसेनासं होतं. प्रवाशांनाही बोट रोखून धरायला लावता येतं. त्यामुळे ते बसून राहतात हा आणखी एक फायदा.

सुकाणूवरचा माणूस पडलेल्याच्याच बाजूला होडी वळवतो. उजवीकडे पडला तर नाळ उजवीकडे, म्हणजे पिछाडी आणि पंखा डावीकडे, त्याच्यापासून दूर सरकतात. आऊटबोर्डचा दांडा हातात असेल तर नाळ उजवीकडे न्यायला तो डावीकडे ढकलावा लागतो, आणि गडबडीत नवा माणूस नेमका उलटा ढकलतो. हे शंभरदा करून अंगवळणी पडायला हवं, विचार करून नाही.

मग मोठा वळसा घेऊन वाऱ्याच्या खालच्या अंगाने, नाळ वाऱ्याला ठेवून, चालण्याच्या वेगाने जवळ यायचं. वरच्या अंगाने गेलं तर वारा हलकी होडी थेट त्याच्या अंगावर ढकलतो. दोन होडीभर अंतर राहिलं की गिअर न्यूट्रल. तो काठाशी आला की इंजिन बंद. न्यूट्रलवर भरवसा ठेवायचा नाही, गुडघा लागूनही गिअर पडतो.

खरी कसोटी वर घेताना. भिजलेला, थकलेला, ऐंशी किलोचा माणूस दोघांना हाताने उचलता येत नाही. आणि मदतीला सगळे प्रवासी त्याच काठाला आले तर होडीच भरते. प्रवाशांना समोरच्या काठाला बसवायचं. शिडी असेल तर उत्तम. नसेल तर ताडपत्रीचा किंवा जाड दोराच्या जाळ्याचा साधारण 2 मीटर बाय दीड मीटरचा तुकडा, तळाला थोडं वजन बांधून, कायम काठाशी गुंडाळून ठेवायचा. एक कड काठाला पक्की बांधलेली, तुकडा माणसाच्या खालून घ्यायचा, दुसरी कड वर ओढायची. माणूस काठाला घासत लोळत वर येतो. बेशुद्ध माणसालाही असंच घेता येतं. बारीक जाळं वापरू नये, बोटं अडकतात.

वर घेतलेला श्वास घेत नसेल तर पोटावर दाबून किंवा उलटं टांगून पाणी काढत बसायचं नाही, त्यात वेळ जातो. पाठीवर झोपवून, हनुवटी वर करून, नाक बंद करून तोंडाने पाच श्वास. मग छातीच्या मधोमध 30 दाब आणि 2 श्वास, हेच चालू ठेवायचं. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचाच. फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनीही त्रास देतं.

इंजिन बंद पडलं

आधी नांगर, मग इंजिन. किनारा किंवा खडक जवळ असेल तर झाकण उघडण्याआधी नाळेवरून नांगर टाकायचा. पिछाडीवरून कधीच नाही, मागून लाट आत येते. मग किल कॉर्ड, टाकीचा हवेचा स्क्रू, होजला पीळ, फुगा, फिल्टरमध्ये पाणी, पंख्यात दोर, याच क्रमाने. पंख्यातला दोर काढताना क्लिप काढून खिशात. जादा प्लग, पाना, शिअर पिन आणि पक्कड एका डब्यात. पंधरा मिनिटांत जमलं नाही तर मदत बोलवायची, तासभर वाट बघून नाही.

आग लागली तर इंधन बंद, होडी अशी फिरवायची की धूर आणि ज्वाळा लोकांपासून दूर जातील, आणि इंजिनाची पेटी सताड न उघडता फटीतून पावडर मारायची. उघडली की हवा मिळते आणि आग भडकते.

रेडिओ

व्हीएचएफ सेट तांडेलालाच येतो, ही सार्वत्रिक स्थिती. सेटशेजारी जाड अक्षरांत पाटी लावायची: चॅनल 16, पूर्ण पॉवर, बटण दाबून बोला, सोडून ऐका. "मेडे, मेडे, मेडे. ही होडी (नाव तीनदा). मेडे, (नाव). आम्ही (ठिकाण) इथे आहोत. (काय झालं). इतकी माणसं आहेत. मदत हवी. ओव्हर." ठिकाण सांगताना जीपीएसचे आकडे, आणि सोबत "निवतीच्या दिव्याच्या पश्चिमेला" असं ओळखीचंही. खऱ्या सेटवर सरावात बटण दाबायचं नाही, चॅनल 16 मोकळा राहिला पाहिजे. मोबाइल असेल तर तटरक्षक दल 1554, सागरी पोलीस 1093. फोन जलरोधक पिशवीत, गळ्यात. मच्छीमार होड्यांवर इस्रोने बनवलेलं संकटसूचक यंत्र असतं, ते आपल्याकडे असेल तर त्याचं बटण खलाशालाही माहीत हवं.

हवामान

मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरीपर्यंत प्रवासी वाहतूक बंद असतेच, पण धोका त्याच्या आधी आणि नंतरही असतो. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरच्या दिवसांत दुपारी ढग काळे होऊन अर्ध्या तासात सोसाट्याचा वारा येतो. फयान चक्रीवादळ आलं ते 11 नोव्हेंबर 2009 ला, ऐन हंगामात. रोज सकाळी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती संस्थेचा लाटांचा अंदाज बघायचा; वारा नसतानाही लांबून आलेली फुगवटी लाट दांड्यावर फुटते आणि ती इन्कॉइसच्या अंदाजात आधी कळते. बंदरात तीन नंबरचा बावटा लागला की होडी जेटीलाच. समुद्रभर पांढरे फेस दिसू लागले की पर्यटकांची फेरी थांबवायची, ही मर्यादा छोट्या होडीला पुरेशी आहे.

खलाशी तयार झाला हे कसं ठरवायचं

जेटीवर एक वही ठेवायची. प्रत्येक खलाशाला एक पान, प्रत्येक सरावाची तारीख, वारा, भरती की ओहोटी, आणि काय चुकलं ते. क्रम असा असावा: आधी सकाळच्या शांत पाण्यात, मग दुपारच्या वाऱ्यात, मग तिन्हीसांजेला. प्रवासी घेऊन कधीच नाही. महिन्यातून एकदा तांडेलाने काही न बोलता सुकाणू सोडून खाली बसायचं. पुढचं सगळं, इंजिन थांबवण्यापासून रेडिओची पाटी वाचण्यापर्यंत, खलाशाने करायचं, आणि तांडेलाने होडी जेटीला लागेपर्यंत तोंड उघडायचं नाही.

कपड्यांसह शंभर मीटर पोहणं, दुसऱ्या क्लिपने इंजिन सुरू करणं, कॅन उचलून आणणं, एकट्याने नांगर टाकणं, आणि रिकामी होडी खाडीच्या तोंडातून आत आणणं, या पाचही गोष्टी वहीत तांडेलाच्या सहीने नोंदल्या गेल्या की खलाशी दुसरा माणूस म्हणून मोजायचा. तोवर त्याला होडीवर न्यायला हरकत नाही, पण तिसरा म्हणून; आणि त्याची जागा प्रवासी क्षमतेतून वजा करून.